योगराजचा वाटा

धुवायच्या कपड्यांचे खिसे चाचपायची सवय धुरपदाच्या बोटांना होती, तिला स्वतःला नव्हती. सोमवारी सकाळी मोरीत बसून ती तोंडातल्या तोंडात स्तोत्र म्हणत होती आणि बोटं आपली आपल्या कामाला लागली होती. नवऱ्याच्या, हिलालच्या, रविवारच्या पांढऱ्या सदऱ्याच्या वरच्या खिशात ती गेली आणि तिथेच थबकली. पातळ, कोरडं, हाताला वजन लागू नये असं काहीतरी. बाहेर काढलं तर वाटोळी पांढरी चकती. मधोमध क्रूसाचा ठसा, कडेला रुमालाची सुतं चिकटलेली. स्तोत्र तुटलं. नळाचं पाणी बादलीतून ओसंडून तिच्या टाचांवरून वाहायला लागलं तरी ती तो हात वर धरून बसून राहिली, ओल्या हातातली ती कोरडी गोष्ट भिजू नये म्हणून. प्रभुभोजनाची भाकर होती ती. काल मंदिरात पास्टरसाहेबांनी हिलालच्या तळहातावर ठेवलेली. हिलालने ती खाल्ली नव्हती.

भाकर म्हणायचं एवढंच, असते ती पापडाच्या कपच्याएवढी. योगराज लहान असताना पहिल्यांदा पुढे गेला, गुडघ्यावर बसला, तळहातावर तळहात ठेवला आणि परत येऊन तिच्या कानाशी लागला, ‘‘आई, एवढीशी भाकर? भाजी कुठंय?’’ तिने त्याच्या मांडीला चिमटा काढला होता आणि मग स्वतःच पदरात हसू दाबत बसली होती. समोर संगमरवरी पाट्यांवर कुठल्याकुठल्या साहेबांची आणि त्यांच्या मडमांची नावं होती. तापीच्या हवेत तापाने गेलेली, पंचविशीत, तिशीत. त्यांच्या अंगावरून ते हसू गेल्यासारखं तिला वाटलं होतं. इंग्रज गेले, मंदिर राहिलं. आता तिथे गुजराती उपासना चालते. सकाळच्या लवकरच्या वेळेला मराठी मंडळींची उपासना होते, साक्री-नवापूरकडून यंत्रमागांच्या लूमवर कामाला आलेल्या घरांची, आणि त्यातही आताशा पुढचे दोन बाकच भरतात. पण वेदीवरचे रुमाल अजून धुरपदाच धुते, दोन्ही उपासनांचे. आधीच्या म्हाताऱ्या पाद्रीसाहेबांनी तिला ते काम शिकवलं होतं. प्याला पुसलेल्या रुमालाचं पहिलं पाणी गटारात जाऊ द्यायचं नाही, झाडाच्या मुळाशी मातीत ओतायचं. आणि भाकर उरली तर टाकायची नाही, ठेवायची नाही, खाऊन संपवायची. ‘‘त्यात प्रभूची उपस्थिती आहे, बाई,’’ ते म्हणाले होते. धुरपदाला ते लगेच समजलं होतं. तिच्या घरातही उरलेलं कधी फेकलं गेलं नव्हतं. सगळे उठले की पातेल्याच्या तळाशी जे राही ते तिचं जेवण.

तिने हात पदराला पुसले, भाकर तळहातावर ठेवली आणि ती आत गेली. हिलाल खाटेवर बसला होता, नेहमीसारखा दाराकडे तोंड करून. हिवाळ्यात झटका आला तेव्हापासून डावी बाजू पडल्यासारखी, तोंडाचा डावा कोपरा खाली ओढलेला. दाढी तीच करायची आणि कालच्या दाढीचा एक काप गालावर सुकला होता.

‘‘हे काय आहे?’’

त्याने पाहिलं. घाबरला नाही. उलट हरवलेली वस्तू सापडल्यासारखा त्याचा चेहरा उजळला.

‘‘ऱ्हाई गयी का तठे? आन इकडे. डबामा ठेवनं ऱ्हायनं.’’

‘‘कसल्या डब्यात?’’

‘‘पोऱ्याना डबामा.’’ मग तिला काहीच कसं कळत नाही या कौतुकाने, ‘‘त्याना वाटा शे तो. तो डूटीवर जास रविवारना. त्याले कोन देवाव?’’

कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या गोधड्यांच्या मागे, योगराजचा स्टीलचा डबा होता. तो तिथे आहे हे तिला ठाऊक होतं, तिनेच ठेवला होता. हिलालचा हात तिथपर्यंत कसा पोचला असेल, एका हाताने गोधड्या कशा सरकवल्या असतील, हे तिला ठाऊक नव्हतं. झाकण घट्ट होतं. उघडलं तर आत चकत्या एकावर एक नीट रचलेल्या होत्या. हिवाळ्यापासूनचे सगळे रविवार. जुन्या जरा पिवळट पडल्या होत्या. वास कशाचाच नव्हता, फक्त स्टीलचा होता. तिने हातातली त्यावर ठेवली, कारण दुसरं कुठे ठेवावी ते सुचलं नाही, आणि झाकण लावलं.

आणि हे मला दिसलं कसं नाही, असं ती दिवसभर स्वतःला विचारत राहिली, जरी उत्तर तिच्यापाशी होतं. दिसलं नाही कारण ती त्याच्या शेजारी नव्हती. प्रभुभोजनाला सगळी माणसं बाकांवरून उठून वेदीपुढच्या कठड्याशी जात आणि धुरपदा बसून राही. हिलाल काठी टेकत जाई, कुणीतरी त्याच्या कोपराला धरी, आणि तिला दिसे ती फक्त त्याची पाठ, गुडघे मुडपत नाहीत म्हणून उभीच राहिलेली. योगराज गेल्यापासून ती त्या कठड्याशी गेली नव्हती. रुमाल धुवायची, इस्त्री करायची, घड्या घालायची, शनिवारी वेदी मांडायची. सकाळी स्तोत्र झाल्याशिवाय चहाला तोंड लावायची नाही, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उपाशी. सगळे नेम पाळायची आणि जेवायला तेवढी बसायची नाही. कारण उपासनेत त्याआधी पास्टर बोलावतात तेव्हा अट घालतात, ज्यांच्या मनात कोणाविषयी वैर नाही त्यांनी जवळ यावं. दर रविवारी ती ते शब्द ऐके आणि दर रविवारी प्रामाणिकपणे आपल्या मनात बघे. तिथे हिलाल असे.

ती साधी गोष्ट होती, कोणालाही सांगता आली असती. त्या रविवारी मराठी उपासनेत योगराजचं वाचन होतं. आठवडाभर तो लिंबायतच्या त्यांच्या एकाच खोलीत उतारा मोठ्याने म्हणत होता, शेजारच्या लूमच्या खडखडाटावर आवाज चढवून, आणि अडखळला की ती चुलीपाशी बसून दुरुस्त करत होती. शनिवारी रात्री ठेकेदाराचा फोन आला. इच्छापोरच्या कारखान्यात टाकी साफ करायची आहे, माणूस कमी आहे, उद्या ये. योगराजने आईकडे पाहिलं. ती म्हणाली, उद्या तुझं वाचन आहे. हिलाल जेवत होता. घास तोंडात ठेवूनच तो म्हणाला, ‘‘देव काय पळी चालना का? वाचन पुढला रविवारे कर. ठेकेदारले नही म्हनं ते नाव कापी टाकी.’’ एवढंच. काही वाईट बोलला नाही. कुठल्याही बापाने म्हटलं असतं. पहाटे तिने डबा भरला, मेथीची भाजी आणि बाजरीची भाकर, आणि ती मंदिरात गेली, आणि योगराजच्या जागी गायनमंडळातल्या सुवर्णाने उतारा वाचला, आणि त्याच वेळेला कधीतरी योगराज टाकीत उतरला, आणि टाकीत वायू होता. डबा संध्याकाळी एका पिशवीतून परत आला. त्याचं झाकण उघडलेलंच नव्हतं. घर माणसांनी भरलं होतं आणि कोणा बाईने चांगुलपणाने तो डबा घेतला, आतलं बाहेरच्या गटारात ओतलं आणि घासून पालथा घातला. धुरपदाने ते दारातून पाहिलं. ओरडून सांगावं असं तिच्या जिभेवर आलं होतं, थांबा, ते माझं आहे, मी खाईन. पण अशा वेळी कोणी असं बोलत नाही.

त्यानंतर ती हिलालशी भांडली नाही. ती भांडणारी बाई नव्हतीच. फक्त त्याच्याशी अहिराणीत बोलायची ती मराठीत बोलायला लागली, मंदिरातल्यासारखी, अहो-जाहो, स्वच्छ. जेवायला चला. औषध घेतलंत का. हिलालला ते कळत होतं, पाठीवर काठी बसावी तसं, पण तोही कधी काही म्हणाला नाही. दोघं एकाच खोलीत एकमेकांचा आवाज टाळत राहिले. तिने मनात एक वाक्य तयार करून ठेवलं होतं, तुम्ही त्याला पाठवलंत. ते ती एक दिवस म्हणणार होती. तो रडेल, आपण रडू, मग कदाचित कठड्याशी जाता येईल. ती योग्य दिवसाची वाट बघत राहिली आणि हिवाळ्यात एका सकाळी हिलाल तोंड धुता धुता खाली बसला. दवाखान्यातून परत आला तेव्हा त्याने पहिलं विचारलं, पोऱ्या डूटीवरून उना का?

पहिल्यांदा तिने खरं सांगितलं. खोटं बोलायचा तिचा स्वभाव नव्हता. त्याचा चेहरा त्या दिवशी जसा झाला होता तसाच झाला, तीच हाक, तोच हात कपाळावर, फक्त आता एकच हात. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं, आणि योगराज पुन्हा मेला. मग ती ‘‘अजून नाही आला’’ म्हणायला लागली. ते तर खरंच होतं.

तो आठवडा तिला मोठा गेला. भाकर अशी ठेवायची नसते. ती खाऊन संपवायला हवी, हे तिला शिकवलेलं होतं. आणि ती खायची तर ज्याच्या मनात वैर नाही त्याने, हेही शिकवलेलं होतं. हिलालला भरवावी तर तो हात झटके, ‘‘मना वाटा मी खायेल शे.’’ पास्टरसाहेबांना सांगावं तर ते रविवारपासून भाकर त्याच्या जिभेवरच ठेवतील, लहान पोरासारखी; किंवा म्हणतील, यांना आता समजत नाही, घरीच राहू द्या. आणि आठवड्यातून एकदा हिलालच्या डोळ्यांना जो अर्थ येई, रविवारी सकाळी सदऱ्याची बटणं लावून घेताना, मान वर करून, पोराच्या कामाला निघालेल्या माणसासारखा, तो जाईल. बुधवारी सुवर्णाचा फोन आला. जीभ सुटी पण मन वाईट नव्हे. ‘‘मावशी, एक सांगू का, रागावू नका. हिलालकाका भाकर खिशात टाकतात. माझ्या पोरीने पाहिलं. ती विचारते, मम्मी, काकांना पार्सल मिळतं तर आपल्याला का नाही?’’ आणि स्वतःच हसली, आणि मग आवाज उतरवून म्हणाली, ‘‘तुम्ही शेजारी असता तर बघितलं असतं ना, मावशी. तुम्ही येतच नाही पुढे.’’ धुरपदा म्हणाली, हो.

शनिवारी दुपारी ती वेदी मांडायला गेली. उन्हाची वेळ, रस्त्यावर रिक्षांचे भोंगे, आणि जाड भिंतींच्या आत पाऊल टाकलं की विहिरीत उतरल्यासारखा गारवा. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून होती, चुना कितीदा दिला तरी वर येणारी. बाकांना त्याच पाण्याचा वास आहे असं तिला नेहमी वाटे. रुमाल तिने पसरले, कडा जुळवल्या. योगराज गेल्यानंतर पहिल्या शनिवारी ती हेच करत होती. इस्त्रीची घडी मोडून पुन्हा घातली होती, पुन्हा पुन्हा, कारण घडी सरळ असली की जगात अजून काहीतरी सरळ आहे असं वाटत होतं. पास्टरसाहेब मागच्या खोलीतून आले. वयाने तिच्या मुलाएवढे, आणंदकडचे, तिला बा, म्हणजे आई, म्हणत.

‘‘साहेब,’’ ती रुमालाकडे बघत म्हणाली, ‘‘कोणी भाकर घरी नेली, खाल्ली नाही, ठेवली. तर?’’

त्यांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं हे तिला तेव्हा कळलं. तळहातावर भाकर ठेवणाऱ्या माणसाला तो हात कुठे जातो ते दिसणारच.

‘‘फेंकाय तो नहीं, बा,’’ ते हळू म्हणाले. ‘‘खाई जवानी.’’ खाऊन टाकायची.

‘‘कोणी खायची?’’

‘‘घरमां जे होय ए.’’ मग त्यांनी मेणबत्तीच्या खांबाचं वितळलेलं मेण नखाने काढत मोडक्या मराठीत म्हटलं, ‘‘काकांना मी काय नाय बोलणार. त्यांचा हात मी कसा अडवू? पण बा, तुमी कधी येणार?’’

तिने आवारात येऊन, घरून बाटलीत आणलेलं, मागच्या रविवारच्या रुमालांचं पहिलं पाणी बकुळीच्या मुळाशी ओतलं. माती ते लगेच प्यायली. माती कोणाला काही विचारत नाही, असं तिच्या मनात आलं, आणि त्या विचाराचीच तिला भीती वाटली.

रविवारी ती नेहमीच्या बाकावर बसली. बोलावणं झालं, अटीसकट. माणसं उठली. सुवर्णाने हिलालच्या कोपराला हात दिला. या वेळी धुरपदाने पाठीकडे पाहिलं नाही, हाताकडे पाहिलं. पास्टरसाहेब त्याच्यासमोर थांबले, भाकर ठेवली, क्षणभर जास्तच थांबले, मग पुढे गेले. हिलालचा उजवा हात तोंडापर्यंत गेला, ओठांना लागला, जणू आधी मुका घेतला, आणि तिथून हळूच खाली येऊन खिशात शिरला. वरून त्याने खिसा थोपटला. असाच तो योगराजच्या पाठीवर थोपटायचा, शाळेत सोडताना, काही न बोलता. धुरपदाला बाकाची कड घट्ट धरावी लागली. इतकी वर्षं या पाठीमागे बसून ती त्याचा निवाडा करत होती आणि हिवाळ्यापासून पाठीच्या पलीकडे हा माणूस दर रविवारी उपाशी राहत होता.

घरी आल्यावर त्याने स्वतःच डबा मागितला. तिने काढून दिला. खाटेवर बसून मांडीवर डबा धरून, एका हाताने झाकणाशी खटपट करत होता. तिने उघडून दिलं. त्याने खिशातली भाकर वर ठेवली. एका हाताने झाकण बसेना. तो दाबत राहिला, मग थांबला, आणि दाराकडे पाहून म्हणाला, ‘‘आज बी नही उना.’’

‘‘नाही.’’

‘‘मंग तू खाई ले.’’ डबा त्याने तिच्याकडे सरकवला. ‘‘भू दिन व्हयनात. वाया जाई. उरेल-सुरेल तूच खास ना नेहमी.’’

तिने डबा घेतला नाही. बाहेर कोणाचा तरी टेम्पो मागे येत होता, शिट्टी वाजवत. ती वाजून संपली.

‘‘मला खाता येणार नाही,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या मनात राग आहे.’’

‘‘कोनावर?’’

‘‘तुमच्यावर.’’

त्याने तिच्याकडे पाहिलं. तोंडाचा ओढलेला कोपरा थरथरला. शाळेत कोणाची तरी खोडी आपल्यावर आलेल्या पोरासारखा तो खरोखरच आठवायचा प्रयत्न करत होता. ‘‘मी काय कया?’’

वाक्य तिच्या ओठांवर होतं. वर्षानुवर्षं घासून पुसून ठेवलेलं. तुम्ही त्याला पाठवलंत. ते म्हटलं की तो विचारणार, कुठे? मग टाकी सांगावी लागणार, मग वायू, मग संध्याकाळची पिशवी. मग ती हाक. राग बाहेर काढायचा तर योगराजला पुन्हा त्या टाकीत उतरवावं लागणार होतं, आणि या वेळी पाठवणारी ती असणार होती. तिने त्याच्या गालावरचा काप पाहिला. तिच्याच हाताने झालेला. त्याने तो एकदाही बोलून दाखवला नव्हता.

तो अजून वाट बघत होता. ‘‘सांग ना. मी काय कया?’’

‘‘कायनी,’’ ती म्हणाली. आणि मग, इतक्या दिवसांनी, तोंडाला अनोळखी झालेल्या बोलीत, ‘‘तुमी काय नही कया.’’

ती खाली बसली, खाटेपाशी, फरशीवर. आधी वरची उचलली, आजची. ती जिभेवर ठेवताच विरघळायला लागली. मग तिच्याखालची. ती कोरडी होती, टाळूला चिकटली. मग त्याखालची. प्रत्येकीला ती थांबत होती, चावत नव्हती, दर रविवारी जशी एकेकच मिळते तशी. खालच्या चकत्या कडक होत्या, त्यांना डब्याचा वास लागला होता, आणि त्या वासात कुठेतरी मेथी होती, नसेलही. गटारात गेलेली भाकर बाजरीची होती. ही कशाची होती ते तिला आता सांगता आलं नसतं. डोळ्यांतून पाणी येत होतं, त्याने घास ओला होत होता, आणि हिलाल वरून बघत होता, कोणी मनापासून जेवत असलं की बघतात तसा. ‘‘सावकाश,’’ तो एकदा म्हणाला. शेवटी तळाशी चुरा राहिला. तिने डब्यात पाणी घातलं, बोटाने कडा फिरवून घेतल्या आणि ते पाणी पिऊन टाकलं. गटाराकडे ती गेलीच नाही.

मग डबा धुऊन पुसून तिने फळीवर ठेवला. या वेळी गोधड्यांच्या पुढे, हिलालच्या हाताला येईल असा.

तो झोपला. ती रविवारचे रुमाल भिजत घालून बसली होती तेव्हा उजेड उतरत आला, शेजारचे लूम सुरू झाले आणि भिंत नेहमीसारखी बारीक कापायला लागली. हिलालने डोळे उघडले.

‘‘पोऱ्या उना का?’’

तिने पाण्यातला हात थांबवला.

‘‘जेवना का तो?’’ त्याने पुढे विचारलं.

‘‘जेवना,’’ धुरपदा म्हणाली.

हिलालने मान हलवली. मग चांगल्या हाताने खाटेची कड धरून, दाराकडे पाठ करून, त्याने भिंतीकडे कूस बदलली.